‘ऑन’ आणि आपला ‘वर’

इंग्रजी भाषेंतील मोठाले शब्द आपल्या मुलांना फारसे अडवीत नाहींत; अडवितात ते दोन-दोन अक्षरांचे. मोठ्या शब्दाचा अर्थ कोशांत सांपडतो आणि एकदां पाठ केला कीं तो कायमचा आपला होतो. परंतु ‘ऑन’, ‘इन’, ‘ॲट’, ‘बाय’ या चिमुकल्या शब्दांसाठीं कोश उघडावा, तों एकेकाखालीं अर्थांचे रकानेच्या रकाने भरलेले दिसतात. त्यांतला कोणता अर्थ कोठें लावावा, हें लहान मुलाला त्या गर्दींतून उमगत नाहीं. आणि शाळेंत विचारावें, तर ‘तसा प्रघातच आहे’ एवढें सांगून बोळवण होते.

नाशिकच्याच एका वाचकभगिनीनें या अडचणीविषयीं आम्हांस पत्र लिहिलें आहे. बाईंचें सारें शिक्षण मराठी शाळेंत झालें; चिरंजीव इंग्रजी माध्यमाच्या शाळेंत चौथींत आहेत. ‘बाबा माझ्यावर रागावले आहेत’ या वाक्याचें इंग्रजी सांगतांना बाईंनीं ‘वर’साठीं ‘ऑन’ घातला. मुलगा हंसला, तेथें ‘विथ’ हवा, असें त्यानें पाहुण्यांदेखत सांगितलें, आणि मंडळींनींहि ती गोष्ट हंसण्यावारी नेली. कोणाच्या मनांत कांहीं वाईट नव्हतें. तथापि त्या दिवसापासून बाईंनीं मुलाचा अभ्यास घेणें सोडून दिलें. शाळेंत पालकांची सभा असली, म्हणजे त्या यजमानांनाच पाठवितात. त्या विचारतात, ‘या शब्दांना कांहीं नियम आहे काय, कीं माझीच बुद्धि तोकडी?’

प्रश्नाच्या उत्तरार्धाचें उत्तर आधीं देतों. बुद्धि मुळींच तोकडी नाहीं. मराठींत रागावणें हें कोणावर तरी असतें, इंग्रजींत तें कोणाच्या ‘सह’ असतें. विश्वास आपण माणसावर ठेवतों, इंग्रज तो ‘इन’ लावून माणसाच्या आंत ठेवतो. प्रेम आपण मुलांवर करतों. इंग्रजी क्रियापदाला तेथें कोणत्याच अव्ययाची गरज लागत नाहीं. शत्रूवर हल्ला करण्याची गोष्टहि तशीच. मात्र ‘पावसावर पीक अवलंबून आहे’ असें म्हणतांना दोन्ही भाषा एकाच वाटेनें जातात; तेथें ‘डिपेंड’च्या मागोमाग ‘ऑन’ येतोच. आतां रागाचें स्थान ‘वर’ कां आणि ‘सह’ कां, याला तर्कशास्त्रांत उत्तर नाहीं. प्रत्येक भाषेनें आपापल्या क्रियापदाचा जोडीदार निवडला आणि पिढ्यान्‌पिढ्या तो संसार चालत आला. बाईंनीं आपल्या भाषेचा जोडीदार परक्या क्रियापदाला दिला, इतकेंच झालें. ज्याला स्वतःची भाषा पक्की येते, त्याच्याच हातून असें होतें.

या घोटाळ्याचें मूळ पहिल्या धड्यांत आहे. ‘ऑन म्हणजे वर’ असें आपण मुलाला शिकवितों आणि तें समीकरण तो जन्मभर बाळगतो. तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेवर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांनीं इंग्रजी शिकून घेतली, आणि त्या पुस्तकांचें ऋण मोठें आहे. परंतु भाषांतराच्या अभ्यासांत शब्दाला शब्द ठेवण्याची संवय लागते. नामांच्या बाबतींत ती खपते, अव्ययांच्या बाबतींत खपत नाहीं.

वस्तुतः ‘वर’ आणि ‘ऑन’ यांचें जन्माचें नातेंच नाहीं. आपला ‘वर’ हा संस्कृत ‘उपरि’ याचा वंशज. प्राकृतांत त्याचें ‘उवरि’ झालें, ज्ञानेश्वरींत ‘वरी’ हें रूप ठिकठिकाणीं दिसतें, आणि पुढें शेवटचा स्वर गळून ‘वर’ उरला. सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालीं कलकत्त्याच्या व्याख्यानांत संस्कृत, ग्रीक व लॅटिन या एकाच कुळांतल्या भाषा असाव्या, असें मत मांडलें. पुढें या भाषांचा तौलनिक अभ्यास झाला, तेव्हां ‘उपरि’चे भाऊबंदहि सांपडले : ग्रीकांत ‘हुपेर’, लॅटिनमध्यें ‘सुपर’ आणि इंग्रजींत ‘ओव्हर’. म्हणजे ‘वर’चा चुलतभाऊ ‘ओव्हर’ होय. ‘ऑन’ हा नुसता शेजारी. शेजाऱ्याशीं आपला रोजचा व्यवहार पडतो, पुष्कळ कामें तो आपल्याच माणसासारखीं करतो. पण म्हणून त्याला घरचा समजून सगळ्या किल्ल्या त्याच्या हवालीं करितां येत नाहींत.

मग ‘ऑन’चें स्वतःचें काम कोणतें? आमच्या मतें मुलांना एकच शब्द सांगावा : स्पर्श. एक वस्तु दुसरीला टेकलेली, चिकटलेली किंवा तिच्या आधारानें असली, म्हणजे ‘ऑन’. डोक्यावरची टोपी ‘ऑन’ होय. डोक्यावरचा पंखा ‘ओव्हर’, कारण तो डोक्याला टेकत नाहीं. मराठींत दोन्हीकडे ‘वर’च. उलट छताला चिकटलेली पाल वस्तुतः छताच्या खालीं असते. तरी इंग्रज तिला ‘ऑन’ म्हणतो, कारण त्याचें लक्ष उंचीकडे नसून स्पर्शाकडे आहे. आपण अंगठी बोटांत घालतों व जोडा पायांत. इंग्रजींत अंगठी बोटावर आणि जोडा पायावर असतो. आंब्याच्या झाडाला लागलेलीं फळें ‘ऑन’, पण त्याच झाडावर बसलेला कावळा ‘इन’, कारण तो पानाफांद्यांच्या आंत शिरलेला आहे. साध्या खुर्चीवर बसणारा ‘ऑन’, हाताच्या आरामखुर्चींत बसणारा ‘इन’. आणि गंमत अशी कीं, येथें आपणहि ‘खुर्चीवर’ व ‘आरामखुर्चींत’ असाच भेद करतों. एवढें एक सूत्र समजलें, तरी मुलाच्या वहींतल्या बऱ्याच चुका कमी होतील.

काळाच्या बाबतींत इंग्रजीनें तीन घरें केलीं आहेत. घड्याळाची वेळ ‘ॲट’, वार व तारीख ‘ऑन’, महिना व वर्ष ‘इन’. आपण ‘पांच वाजतां’, ‘सोमवारीं’, ‘जून महिन्यांत’ असें म्हणतों. म्हणजे आपलींहि तीन घरें आहेत, फक्त ‘वर’ त्यांपैकीं एकाहि घरांत राहात नाहीं. ‘ऑन टाइम’ व ‘इन टाइम’ यांतला भेद मात्र नीट ध्यानांत धरावा. नाशिकरोड स्थानकांत गाडी ठरल्या मिनिटाला आली, तर ती ‘ऑन टाइम’. घरीं कोणी अत्यवस्थ असतां डॉक्टर उपाय करण्याइतक्या अवधींत पोंचले, तर ते ‘इन टाइम’. तेथें घड्याळाचा कांटा कोण पाहतो? मराठींतहि ‘वेळेवर’ आणि ‘वेळेंत’ असे दोन प्रयोग आहेत. आपण बोलतांना ते एकमेकांत मिसळतों, एवढेंच.

आतां आपल्या गांवचें उदाहरण घेऊं. इंग्रजी भूगोलाच्या पुस्तकांत नाशिक हें गोदावरीच्या ‘ऑन’ असतें. मुलगा विचारतो, ‘नदीवर शहर कसें असेल? वाहून नाहीं का जाणार?’ प्रश्न रास्त आहे. परंतु नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतात, आणि ‘गंगेवर जाऊन येतों’ असें सांगून पंचवटीच्या बाजूस निघालेला मनुष्य पाण्याच्या पृष्ठभागावर चालत नाहीं. तो घाटावर जातो, हें त्या मुलालाहि ठाऊक असतें. साहित्यशास्त्र शिकलेल्या कोणासहि येथें ‘गंगेंत गौळवाडा’ हें लक्षणेचें जुनें उदाहरण आठवेल. प्रवाहांत वाडा असणें शक्य नाहीं, म्हणून श्रोता ‘गंगा’ शब्दानें तीर समजतो, आणि तीराचा बोध होतांना गंगेचें शैत्य व पावित्र्यहि मनांत येतें. इंग्रजांचें ‘ऑन’ आणि आमचें ‘गंगेवर’ हीं दोन्ही त्याच जातीचीं. परकी वाटणारी गोष्ट अशी आपल्या अंगणांत सांपडली, कीं मुलाची तिच्याविषयींची भीति जाते.

येथवर सूत्र चाललें. यापुढें वाक्प्रचारांचें राज्य लागतें आणि सूत्र लंगडूं लागतें. ‘ऑन फूट’ म्हणजे पायीं, ‘ऑन पर्पज’ म्हणजे मुद्दाम, ‘ऑन द होल’ म्हणजे एकंदरींत, ‘ऑन द कॉन्ट्ररी’ म्हणजे उलटपक्षीं, ‘ऑन बिहाफ ऑफ’ म्हणजे तर्फे, ‘ऑन क्रेडिट’ म्हणजे उधार. यांपैकीं एकाहि मराठी शब्दांत ‘वर’ नाहीं. कांहीं ठिकाणीं मात्र दोघे शेजारी हातांत हात घालून चालतात : कारकून रजेवर असतो, सभासद समितीवर असतो आणि आमच्यासारखा निवृत्त मनुष्य पेन्शनीवर जगतो, या तिन्ही ठिकाणीं इंग्रजहि ‘ऑन’च म्हणतो. कोठें जुळेल व कोठें जुळणार नाहीं, हें आधीं सांगतां येत नाहीं. म्हणून असा प्रयोग मोडून त्यांतला ‘ऑन’ वेगळा काढूं नये; सबंध प्रयोग हाच एक शब्द, असें समजून तो पाठ करावा.

हें वाचून कोणी म्हणेल कीं, इंग्रजी भाषाच बेशिस्त. त्यानें क्षणभर आपल्या घरांत पाहावें. ‘त्याचें हातावर पोट आहे’, ‘परीक्षा तोंडावर आली’, ‘ही गोष्ट वडिलांच्या कानावर घाला’, ‘चोर हातावर तुरी देऊन पळाला’, ‘पाऊस शेतकऱ्याच्या पथ्यावर पडला’, ‘पोरक्या मुलांना वाऱ्यावर सोडूं नका’, ‘तो माझ्या जिवावर उठला आहे’ — यांतल्या प्रत्येक ‘वर’च्या जागीं ‘ऑन’ ठेवून एखाद्या इंग्रजाला ऐकवावें. हातावर पोट असलेला मनुष्य ऐकून त्या बिचाऱ्याला एखाद्या विलक्षण रोगाची कल्पना येईल. आपल्या भाषेंतल्या या चमत्कारांचें आपल्याला आश्चर्य वाटत नाहीं, कारण ते आपण आईच्या मांडीवर बसून सबंधच्या सबंध शिकलों. हातावर कसलें पोट, असें आपण कधीं विचारलें नाहीं.

क्रियापदाला ‘ऑन’ चिकटला, म्हणजे आणखी एक नवें प्रकरण सुरू होतें. आणि येथें संस्कृत जाणणाऱ्या घरांस एक मोठी सोय आहे. संस्कृतांत प्र, परा, अप इत्यादि बावीस उपसर्ग आहेत आणि ते धातूचा अर्थ कोठल्या कोठें नेतात. ‘गम्’ म्हणजे जाणें, हा एकच धातु घ्या. गोदावरीचा ब्रह्मगिरीवर उद्‌गम होतो. वाटेंत नद्यांचा संगम होतो. पाहुण्यांचें आगमन होतें. आणि एखादी विद्या आपल्याला अवगत होते. ‘अव’ म्हणजे खालीं. खालीं जाण्यांतून समजणें हा अर्थ कसा निघाला? इंग्रजींत समजणें याला ‘अंडरस्टँड’ म्हणतात; त्याचे दोन तुकडे केले, तर खालीं उभें राहणें असा अर्थ होतो! दोन दूरच्या भाषांनीं ज्ञानासाठीं ‘खालीं’ हाच शब्द योजावा, हें मोठें कौतुकास्पद आहे.

उपसर्गांना स्वतःचा अर्थ असतो कीं नसतो, हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. यास्काचार्यांनीं निरुक्तांत त्याच्या दोन्ही बाजू नोंदविल्या आहेत. शाकटायनाच्या मतें सुटा उपसर्ग कांहीं सांगत नाहीं, तो धातूचा अर्थ तेवढा उजळतो. गार्ग्याच्या मतें त्याला स्वतःचे नाना अर्थ आहेत. इंग्रजी ‘ऑन’ला हा वाद तंतोतंत लागू पडतो. ‘गो ऑन’, ‘कॅरी ऑन’, ‘रीड ऑन’, ‘वॉक ऑन’ या सर्वांत ‘पुढें चालूं ठेवणें’ हा अर्थ स्पष्ट दिसतो. तेथें गार्ग्य जिंकला. उलट ‘कॉल ऑन’ म्हणजे एखाद्याच्या घरीं भेटीस जाणें. त्यांत हांक मारणेंहि नाहीं आणि वर कांहीं ठेवणेंहि नाहीं. तेथें शाकटायनाचें म्हणणें मान्य करावें लागतें. ‘गेट ऑन’ म्हणजे गाडींत चढणें. पण तोच दोन माणसांविषयीं आला, कीं त्याचा अर्थ त्यांचें एकमेकांशीं पटतें असा होतो.

साम्य येथेंच संपत नाहीं. पाणिनीनें उपसर्ग धातूच्या पूर्वीं येतात असें सांगून, वेदांत ते धातूच्या नंतरहि येतात व मध्यें दुसरे शब्द पडूनहि येतात, असें लगेच नमूद केलें आहे. लौकिक संस्कृतांत ही मोकळीक संपली. इंग्रजींत ती अद्यापि जिवंत आहे. ‘पुट ऑन’ म्हणजे अंगावर घालणें. ‘पुट ऑन युवर कोट’ म्हणा किंवा ‘पुट युवर कोट ऑन’ म्हणा, दोन्ही शुद्ध. मात्र कोटाच्या जागीं ‘इट’ हें सर्वनाम आलें, तर तें मध्येंच बसलें पाहिजे. ‘पुट इट ऑन’ एवढेंच बरोबर. ज्या घरांत आजोबांना वेदांतले सुटे उपसर्ग ठाऊक आहेत, त्या घरांतल्या नातवाला हा नियम पांच मिनिटांत समजेल.

कधीं कधीं ‘ऑन’ इतका झिजतो कीं ओळखूं येत नाहीं. ‘अलाइव्ह’ म्हणजे जिवंत, ‘अस्लीप’ म्हणजे निजलेला, ‘अवे’ म्हणजे दूर. या तिन्ही शब्दांच्या आरंभींचा ‘अ’ हा जुन्या इंग्रजींतल्या ‘ऑन’चा अवशेष आहे. कोणे एके काळीं इंग्रज मनुष्य झोपेवर असे आणि जीवनावर असे. ‘उपरि’चा ‘वर’ झाला, तसा ‘ऑन’चा ‘अ’ झाला. रोजच्या वापरांतलीं नाणीं अशींच गुळगुळीत होतात.

एका गोष्टीकडे मात्र लक्ष द्यावयास हवें. इंग्रजीचें असें भाषांतर आतां उलट दिशेनेंहि होऊं लागलें आहे. ‘विषयावर प्रकाश टाकणें’ हा प्रयोग इंग्रजी सांच्यांतून आला आणि आतां रुळला. त्यांत वाईट कांहीं नाहीं. ‘दिवा ऑन कर’ हें तर आजीबाईहि म्हणतात, आणि २०२० सालच्या साथींत शाळा घरांत आली, तेव्हांपासून ‘ऑनलाइन’ हा शब्द पोराटोरांच्या तोंडीं बसला. परंतु कोणत्याच पक्षाला न मिळालेल्या माणसाला वर्तमानपत्रें ‘कुंपणावर बसलेला’ म्हणतात, तेव्हां आमच्या मनांत येतें कीं, मुलांच्या खेळांतलें ‘तळ्यांत-मळ्यांत’ कोणाला कां आठवत नाहीं? नवें घ्यावें, पण त्यापायीं घरांतलें टाकूं नये.

आतां वाचकभगिनींच्या प्रश्नाचा पूर्वार्ध. नियम आहे, तो अर्ध्या वाटेपर्यंत पोंचवितो. उरलेली वाट संवयीची. महाराष्ट्रांत २००० सालापासून मराठी शाळांतहि पहिलीपासून इंग्रजी शिकविली जाते, तेव्हां ही वाट आतां बहुतेक प्रत्येक घराला चालावयाची आहे. त्यासाठीं आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, ‘ऑन म्हणजे वर’ असें मुलाला सांगूं नये. टेबल, टोपी, अंगठी आणि छतावरची पाल दाखवून स्पर्शाची कल्पना द्यावी. दुसरी, नवा प्रयोग भेटला, कीं तो सबंध वाक्यासह वहींत उतरून घ्यावा. सुट्या शब्दांच्या याद्या करूं नयेत. तिसरी आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. रात्रीं जेवणें झाल्यावर मुलानें ‘ऑन’चा एक इंग्रजी प्रयोग सांगावा आणि आईनें किंवा आजीनें ‘वर’चा एक मराठी वाक्प्रचार सांगावा, मग दोघांनीं एकमेकांस अर्थ विचारावा. महिन्याभरांत दोघांच्या गांठीं तीस-तीस प्रयोग जमतील, आणि आईजवळहि शिकविण्यासारखें पुष्कळ आहे, हें मुलाच्या आपोआप ध्यानांत येईल. जो मुलगा ‘मनावर घेणें’ आणि ‘मुळावर येणें’ यांतला भेद जाणतो, त्याचा कान तयार झालेला असतो. ‘कॉल ऑन’ आणि ‘कॅरी ऑन’ यांतला भेद त्याला जड जात नाहीं.

घरांतल्या वडील मंडळींसहि एक विनंति आहे. अव्यय चुकल्यामुळें कोणाचें कांहीं बुडत नाहीं. पण चुकलेल्याला हंसलें, म्हणजे तो बोलावयाचाच थांबतो, आणि जो बोलत नाहीं त्याची भाषा सुधारण्याचा मार्गच बंद होतो. मुलानें आईची चूक खुशाल सांगावी. ती एकांतांत सांगावी, आणि आईला जें येतें तें तिच्याकडून शिकून घ्यावें. बाईंनीं यापुढील पालकसभेला स्वतः जावें. तेथें मराठींत बोलावें, कीं चुकत चुकत इंग्रजींत, हा त्यांचा प्रश्न. मुलाच्या अभ्यासाविषयीं त्यांच्याइतकें सांगणारें दुसरें कोण आहे?

पुढील महिन्यांत ‘इन’ या शब्दाकडे वळूं. मराठी सप्तमीचा ‘त’ आणि इंग्रजी ‘इन’ हे कोठें जुळतात व कोठें फारकत घेतात, याचे नमुने वाचकांनीं आपापल्या घरांतून गोळा करून धाडावे. निवडक नमुन्यांचा याच पानावर विचार करूं.